पेढीवरील उमेदवार



२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण बाराव्या योजनेतील अंदाज नमूद करते : १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांत औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के. तेथे उमेदवार आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत, उरलेले कारखान्यात असतो. भारतात शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ३० वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक झाले, ४ माणसांच्या पेढीसही ते खुले झाले. परंतु छोटी पेढी सहसा त्या वाटेस जात नाही. तेथे दहा वर्षे कापड मापणारा, बोटांनी पोत ओळखणारा मुलगा प्रमाणपत्राविना राहतो (पदवीधराजवळ पुष्कळदा केवळ प्रमाणपत्रच असते!). पेढी बदलली, की त्याचा पगार पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.