शहर केवढं असावं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझं आयुष्य नगररचनेत गेलं, म्हणून निवृत्तीनंतरही लोक विचारतात, “शहर नेमकं केवढं असावं?” प्रश्न जुना आहे. अ‍ॅरिस्टॉटलला वाटे, नागरिकांची एकमेकांशी ओळख असावी आणि दवंडी सगळ्यांच्या कानी पडावी, एवढंच शहर बरं. १८९८ मध्ये इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्डने ३२,००० लोकवस्तीचा आकडा मांडला. शहर भरलं की ते फुगवायचं नाही. मध्ये शेतं राखून पलीकडे दुसरं वसवायचं. आपल्याकडे चंडीगड ५ लाखांसाठी आखलं; २०११ च्या जनगणनेत तिथे १० लाखांवर लोक होते.

म्हणजे आकडा ठरवता येतो, माणसं थांबवता येत नाहीत. आणि थांबवावीत तरी का? खेड्यातून आलेल्या माझ्या वडिलांना कुणी पुण्याच्या वेशीवर अडवलं असतं, तर मी या शाळेत आलोच नसतो.

मी दोन मापं मानतो. पहिलं पाण्याचं. २०११ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख लोक होते. पुढे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासल्याचं पाणी मात्र आपल्या नळांना आणि दौंड-इंदापूरच्या शेतांनाही पुरायला हवं. आपली तहान वाढली की कालव्याच्या टोकाचा शेतकरी आभाळाकडे बघतो.

दुसरं माप मुलांच्या पावलांचं. शाळेची पहिली घंटा मला घरी ऐकू यायची. दप्तर उचलून पळालो की प्रार्थनेला हजर! इथे एक कबुली देतो. एका नव्या वस्तीच्या आराखड्यात मी शाळेची जागा दाखवली आणि काम झालं असं समजलो. ती जागा ताब्यात आली का, शाळा उभी राहिली का, हे पुढे कधी विचारलं नाही. आजही तिथे गवत आहे. माझा नातू त्याच वस्तीतून रोज तासभर बसने शाळेत जातो.

शहर खुशाल मोठं होवो. पण शाळा, दवाखाना, मैदान घंटेच्या टप्प्यात असावं आणि आपल्या पाण्यासाठी दुसऱ्याचं शेत सुकू नये. हे जमेना झालं, की समजावं, शहर मापाबाहेर गेलं.

गुरुजी, भूगोलाच्या नकाशाला तुम्ही मला नेहमी पूर्ण गुण द्यायचात. त्या एका नकाशाचे गुण मात्र कापून घ्या.