सृष्टीचा जमाखर्च
(पर्यावरणशास्त्र व पर्यावरण-भौतिकी या विषयांच्या अध्यापक-परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



 अध्यापनाचा पूर्वार्ध भौतिकशास्त्राच्या वर्गात आणि उत्तरार्ध पर्यावरणशास्त्राच्या विभागात ज्याने वेचला, अशा माणसाला या दोन शास्त्रांच्या संगमावर उभे राहून चार शब्द बोलता यावेत, यात मी माझ्या व्यवसायाचा गौरव मानतो. मला आज एकच गोष्ट आपणांपुढे आग्रहाने मांडावयाची आहे. पर्यावरणाचा अभ्यास हा मुळात मोजमापाचा अभ्यास आहे. आणि ज्या विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील उष्णता, पाणी व वारा स्वतःच्या हाताने कधी मोजलेला नाही, त्यास या विषयाची पदवी देणे विद्यापीठास शोभत नाही.

ही परिषद पुण्यात भरावी यात औचित्य आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून या नगरीत आले. पुढे मुख्य कचेरी दिल्लीस गेली, त्यास आठ दशके लोटली, तरी शिवाजीनगरातील त्या वास्तूस पुणेकर अद्याप 'सिमला ऑफिस' याच नावाने ओळखतात. १९६२ साली उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या अध्ययनास वाहिलेली संस्थाही येथेच उभी राहिली. परंतु आपल्या विद्येची वंशावळ याहून जुनी आहे. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय व हवामानविषयक नोंदींचा नियमित शिरस्ता पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय नोंदी दूषित होतील हे जाणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबाग येथे चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभारली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवून मगच जुने काम बंद केले. जुन्या वहीचे शेवटचे पान आणि नव्या वहीचे पहिले पान यांचा मेळ बसल्यावाचून दप्तर बदलावयाचे नाही, ही ती निष्ठा होय. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिला पाठ द्यावयाचा तो याच निष्ठेचा.

आता या विद्येचे स्वरूप काय, ते पाहू. आपल्याकडे पूर्वी प्रत्येक पेढीवर रोजच्या व्यवहाराची कीर्द आणि खातेवार खतावणी असे. पर्यावरण-भौतिकी ही सृष्टीची कीर्द-खतावणी आहे. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्यकिरणांस काटकोनात धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट इतकी ऊर्जा जमा होते; गोलाकार पृथ्वीच्या सर्व पृष्ठभागावर ती वाटली असता सरासरी सुमारे ३४० वॅट होते; तीपैकी शेकडा ३० भाग ढग, हिम व वाळवंटे परत धाडतात, आणि उरलेल्या सुमारे २४० वॅटांचाच हिशेब केला तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश सेल्सिअस असावयास पाहिजे. प्रत्यक्षात ते शून्यावर सुमारे १५ अंश आहे. या ३३ अंशांच्या अंतरातच आपले सारे जीवन वसलेले आहे. आणि ते अंतर पाण्याची वाफ, कर्बद्विप्राणिद वायू व तत्सम अल्पांश घटक पृथ्वीकडून बाहेर जाणारी उष्णता अडवून धरतात म्हणून पडते, हे १८५९ साली जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत वायूंवर प्रयोग करून दाखविले. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर या कर्बवायूचे मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० हून अधिक आहेत. जगाची झोप उडविणारे हे सत्य कोणा वक्त्याच्या वाणीतून प्रकट झाले नाही. एकाच पर्वतावर, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदवहीतून ते प्रकट झाले.

जो हिशेब पृथ्वीचा, तोच शेताचा. बांधावर उभे राहून पाहिले तर सूर्याकडून व आकाशाकडून येणारी निव्वळ ऊर्जा जमेस. आणि जमीन तापविणे, हवा तापविणे व पाण्याची वाफ करणे या तीन बाबी खर्चास. हर्मन पेनमन यांनी इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे १९४८ साली याच जमाखर्चावरून बाष्पीभवनाचे सूत्र मांडले, आणि जॉन माँटिथ यांनी त्यात वनस्पतीच्या पर्णरंध्रांचा विचार गोवून ते पिकांना लागू केले. आपल्या महाराष्ट्राइतकी या हिशेबाची गरज कोणास असणार? महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पर्जन्य पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका त्याच्या दशांशाच्या आसपास पावसावर कशीबशी गुजराण करतो. कारण सह्याद्री चढताना वाऱ्याने आपले बाष्प पश्चिमेसच रिते केलेले असते. एक हेक्टर क्षेत्रावर १० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लक्ष लिटर पाणी पडले, हे साधे गणित ज्यास अवगत आहे, तो आपल्या गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडू शकतो. आपल्या महसुली कारभारात दुष्काळाची चाहूल आधी नजर पैसेवारीने, म्हणजे डोळ्यांच्या अंदाजाने, घेतात. त्या अनुभवी नजरेचा मी अवमान करीत नाही. परंतु तिच्या शेजारी मातीतील ओलाव्याचा व बाष्पीभवनाचा आकडा मांडणारा पदवीधर तालुक्यातालुक्यात का असू नये, असा माझा सवाल आहे.

याच पुण्यात मोजमापाने पढीक सिद्धांताला नमविल्याचे एक उदाहरण घडले आहे, आणि ते प्रत्येक वर्गात सांगितले गेले पाहिजे. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, म्हणून सर्वाधिक थंडी जमिनीच्या पृष्ठालगतच असली पाहिजे, असे सर्व ग्रंथ सांगत होते. १९३२ साली एल. ए. रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी पुणे व अन्य काही ठिकाणच्या निरीक्षणांवरून प्रसिद्ध केले की, निरभ्र व निवांत रात्री मोकळ्या जमिनीवरील किमान तापमान पृष्ठावर नसून तिच्यापासून वीतभर ते हातभर उंचीवर असते. उपकरणाची चूक असेल, असा संशय जाणकारांनी अनेक वर्षे बाळगला. परंतु १९५७ साली क्लाउस राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्याच्याच भूमीवर काटेकोर मोजणी करून त्यास दुजोरा दिला, आणि पुढे १९९० च्या दशकात बंगळुरास रोद्दम नरसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमीन व हवा यांच्यामधील प्रारणाच्या देवघेवीवरून त्याची उपपत्ती मांडली. आज जगभरचे अभ्यासक त्या थरास 'रामदास थर' म्हणतात. काठीला टांगलेल्या तापमापकांनी विद्वानांच्या समजुतीत दुरुस्ती केली!

त्याच परंपरेतील अन्ना मणी यांचे स्मरण केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. बंगळुरास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणके यांच्या वर्णपटावर संशोधन केले. परंतु त्यांच्यापाशी एम.एस्‌सी.ची पदवी नाही, या कारणास्तव त्यांच्या प्रबंधास डॉक्टरेट मिळाली नाही. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, परदेशांतून आणावी लागणारी उपकरणे येथेच घडावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले, आणि सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशभर विणले. विद्येची योग्यता दाखल्यावरून ठरविण्याची चूक विद्यापीठे करतात, तेव्हा हानी विद्यापीठांचीच होते.

आणि आज आपले अध्यापन कोणत्या अवस्थेत आहे? १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा हुकूम दिला, आणि त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी-विद्यार्थ्यांकरिता सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याच्या १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्यास राखून ठेवण्यात आले होते. तजवीज उत्तम होती. परंतु मी परीक्षक म्हणून जेथे जेथे गेलो, तेथे तेथे बहुधा मजपुढे त्याच त्या मजकुराच्या, एकमेकींवरून उतरविलेल्या वह्यांचे ढीग आले. नदीवर न जाता नदीचा अहवाल आणि झाड न पाहता झाडांची गणना! दोष विद्यार्थ्यांचा नाही. ज्या अध्यापकांस उपकरण, वेळ आणि प्रवासखर्च यांपैकी काहीच मिळाले नाही, त्यांच्याही माथी तो मारता येत नाही. दोष त्या समजुतीचा आहे, जी पर्यावरणास सद्भावनेचा विषय मानते आणि भौतिकशास्त्रास त्याच्या उंबरठ्याबाहेर उभे करते.

त्या समजुतीची किंमत किती भयंकर असते, हे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीने भोपाळास दाखविले. तेथील कारखान्यातून त्या रात्री गळालेला मिथिल आयसोसायनेट वायू किती विषारी आहे, हे रसायनशास्त्र जाणत होते. तो फुप्फुसाचे काय करतो, हे वैद्यकास सांगता येते. परंतु हवेहून सुमारे दुप्पट जड असा तो वायू थंडीच्या रात्री, मंद वाऱ्यावर, खाली गार व वर उबदार अशा हवेच्या झाकणाखाली जमिनीलगत पसरत जाऊन झोपलेल्या वस्तीत शिरेल, हे सांगणे पर्यावरण-भौतिकीचे काम आहे. कारखान्याच्या जागेची दरखास्त ज्या मेजावर येते, त्या मेजाशी वाऱ्याचा व रात्रीच्या हवेचा अभ्यास केलेला माणूस बसलेला असला पाहिजे. त्याच्या एका शेऱ्यावर सहस्रावधींचे प्राण अवलंबून असतात.

रात्रीच्या हवेचे हेच ज्ञान शेताच्या बांधावरही लागते. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांस घेऊन निफाडकडील एका द्राक्षबागेत रात्र काढली. बांबूला निरनिराळ्या उंचीवर तापमापक बांधून आम्ही दर तासाला नोंद घेत होतो. पहाटे पानाचे तापमान भोवतालच्या हवेहूनही खाली गेलेले विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिले. बागायतदार शेजारी शेकोटी पेटवीत होते. त्यांनी विचारले, "सर, एकच मोठा जाळ करू का बारीक बारीक शेकोट्या करू, तेवढं सांगा." उत्तर माझ्या विद्यार्थ्यांस ठाऊक होते. मोठ्या जाळाची तप्त हवा वरचा उबदार थर भेदून निघून जाते आणि भोवतालची गार हवा आत ओढते, लहान शेकोट्यांची ऊब मात्र वेलींच्याच उंचीवर घुटमळते, हे त्यांनी पुस्तकात वाचले होते. परंतु ते इंग्रजीत वाचले होते, आणि मराठीत सांगताना त्यांची जीभ अडखळली. अखेर एका शेतकऱ्याच्या मुलीने ते चार वाक्यांत सांगितले, आणि बागायतदारांनी लगेच जाळ विखुरला. त्या रात्रीपासून माझी खात्री झाली आहे की, जे शास्त्र बांधावर बोलता येत नाही, ते अर्धेच शिकलेले असते. मराठीतून पर्यावरण-भौतिकीचे ग्रंथ लिहिणे हे भाषेवरील उपकार म्हणून करावयाचे नाही. या शास्त्राचे काम पुरे व्हावे म्हणून करावयाचे आहे.

आता थोडक्यात माझ्या सूचना. पर्यावरणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास प्रारण, उष्णतावहन व द्रवगतिकी यांचा पाया गणितासह मिळावा, आणि भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास माती, पाणी व वनस्पती यांचा परिचय घडावा. या दोन विभागांमधील भिंतीस दार पाडण्याचा अधिकार अभ्यासमंडळांस आहे, तो त्यांनी वापरावा. उतरविलेल्या वह्यांच्या जागी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतःच्या परिसरातील एक वर्षाची नोंदवही परीक्षेस ग्राह्य धरावी, आणि तीतील प्रामाणिक त्रुटीस खोट्या पूर्णतेपेक्षा अधिक गुण द्यावेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या नोंदी जमिनीच्या कागदपत्रांइतक्या जपून ठेवाव्यात. पन्नास वर्षांनी गावचे हवामान कसे पालटले असे कोणी विचारील, तेव्हा ते दप्तरच साक्षीस उभे राहणार आहे.

मित्रहो, यांसाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक पर्जन्यमापक, कमाल-किमान तापमापकांची जोडी, एक ओला व एक कोरडा तापमापक आणि बाष्पीभवनाचे एक पात्र, एवढ्या साधनांवर आरंभ होतो. हवामान खात्याच्या वेधशाळांत पावसाची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घेतात. आपण आपापल्या गावी परत जाल, तेव्हा महाविद्यालयाच्या आवारात इमारती व झाडे यांपासून दूर अशी दहा पावलांची मोकळी जागा निवडा, तिला कुंपण घाला, आणि दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजता एका विद्यार्थ्याच्या हाती वही देऊन पहिला आकडा लिहवून घ्या. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहवा. परंतु तो दिवस कोरा सोडू नका.