एकाच मुळाचे तीन शब्द

इक्वॅलिटी, इक्विटी आणि इक्विव्होकल हे तीन इंग्रजी शब्द एकाच लॅटिन मुळातून निघाले. ते मूळ म्हणजे 'एक्वुस': सपाट, समान आणि म्हणून न्याय्यही.

इक्वॅलिटी म्हणजे समानता. आपल्या संविधानाचे कलम 14 कायद्यापुढे तीच देते.

इक्विटीचा इतिहास मला जास्त मोलाचा वाटतो. इंग्लंडची जुनी न्यायालये सहसा नुकसानभरपाई देत, पण करार पाळायला लावत नसत. तिथे न्याय न मिळालेले लोक राजाकडे अर्ज करत आणि राजाचा चॅन्सलर सदसद्विवेकाला स्मरून निवाडा देई. त्यातून चॅन्सरी न्यायालय उभे राहिले आणि तिथल्या न्यायाला इक्विटी म्हणू लागले. आपल्याकडे कोर्टात मागतात तो मनाई हुकूम याच परंपरेतला. कर्जफेडीची मुदत टळली, तरी गहाण जमीन सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्कही चॅन्सरीनेच राखला. त्या हक्कालाही इक्विटीच म्हणत. पुढे कर्ज वजा जाता मालकाचा उरणारा हिस्सा म्हणजे इक्विटी झाली. शेअर बाजारातही हाच अर्थ चालतो.

इक्विव्होकलमध्ये 'एक्वुस'ला आवाज जोडला आहे. दोन अर्थ सारख्याच आवाजात बोलतात, म्हणून बोलणे संदिग्ध. ॲम्बिग्युअस म्हणजेही संदिग्धच, पण तसे वाक्य नकळतही लिहिले जाते. इक्विव्होकल उत्तरात मात्र बरेचदा टाळाटाळ असते. म्हणून निवेदनात 'अनइक्विव्होकल' निषेध वाचलात, तर समजावे की बोलणाऱ्याने पळवाट ठेवलेली नाही.