दुर्लक्षितांची निष्ठा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या प्रारंभीं, मिस्सेनंतर केलेलें भाषण)



पन्नास वर्षांच्या कृपेबद्दल परमेश्वराचे आभार मानण्यासाठीं आपण आज त्याच्या वेदीभोंवतीं जमलों आहों. ह्या धर्मग्रामांत ज्यांनीं सेवा केली, जमीन दिली, घंटा व मूर्ति अर्पण केल्या, त्यांच्या याद्या स्मरणिकेसाठीं तयार झाल्या आहेत. तें योग्यच आहे. परंतु त्या तपासतांना माझें मन एके ठिकाणीं अडलें. पहांटेच्या मिस्सेपूर्वीं कित्येक वर्षें जी वृद्ध बाई देवळाचा केर काढीत आली, तिचें नांव कोणत्याच यादींत नव्हतें. हा दोष माझा. क्षमा मागावयास गेलों, तेव्हां ती म्हणाली, "फादर, केर कोणी काढला हें देवाला ठाऊक आहे, तुम्ही कशाला जिवाला लावून घेतां?" त्या उत्तरानें मी लाजलों, आणि आज कशाविषयीं बोलावें हेंही मला कळलें.

आजार, कर्ज, नापिकी अशा संकटांत शेजारी धांवून येतात. परंतु ज्याच्याकडे कोणी पाहतच नाहीं, त्यानें आपलें दुःख कोणास सांगावें? माणसांप्रमाणें देवही आपणांस विसरला, असा विचार अशा वेळीं मनांत हळूच शिरतो. निष्ठेची खरी कसोटी तेथें लागते.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें चरित्र ह्या दृष्टीनें पाहा. त्यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसईंत झाला. वडील पोर्तुगीज, आई ह्याच मुलखांतली. येथील येशूसंघीय गुरूंजवळ ते शिकले व कोवळ्या वयांतच जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा, हीच त्यांच्या मनाची ओढ होती. तो प्रवेश मिळाला नाहीं. आशा लांबत गेली, आणि अखेर त्यांनीं तो मार्ग सोडून व्यापार धरला. व्यापारांत जमही बसला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "ज्यांना मी नको, त्यांचा देव मला कशाला?" गोन्सालोंनीं देवावर राग धरिला नाहीं. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत गेले. धर्मगुरु न होतां साधे धर्मबंधु म्हणून राहिले.

इ. स. १५९३ मध्यें संत पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्याबरोबर ते पुन्हां जपानांत आले. राज्यकर्ता हिदेयोशी ह्याच्यापुढें बोलण्यास दुभाषा पाहिजे होता. जीं वर्षें वायां गेलीं असें वाटलें असेल, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आतां प्रभूच्या कामीं आली. आणि दुभाष्याचें काम तरी कसें? तोंड त्याचें, शब्द दुसऱ्याचे. ऐकणारा मान देतो तोही दुसऱ्याला!

इ. स. १५९६ च्या अखेरीस त्यांना सोबत्यांसह पकडण्यांत आलें. क्योतो येथें त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापला, आणि ऐन हिंवाळ्यांत सुमारें महिनाभराच्या प्रवासानें त्यांस नागासाकीस नेलें. तेथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनीं विंधिलें. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय व १७ प्रापंचिक होते. ज्या संघानें गोन्सालोंना घेतलें नव्हतें, त्याचेही तिघे त्याच टेकडीवर, त्याच मरणानें प्रभूकडे गेले.

इ. स. १६२७ मध्यें त्यांना धन्य आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं संत म्हणून जाहीर केलें. मरणापासून संतपदापर्यंत २६५ वर्षें लोटलीं. परंतु 'थांबा, पुढें मान मिळेल' असा बोध ह्यांतून घेऊं नका. क्रुसावर असतांना त्यांना त्या मानाची वार्ताही नव्हती. मान मिळाला नसता तरी त्यांची निष्ठा तितकीच खरी होती. कारण ज्याच्यासाठीं ती होती, तो त्या दिवशींही पाहात होता.

आपल्या पूर्वजांचेंही तसेंच. इ. स. १७३९ मध्यें वसई मराठ्यांच्या हातीं आली, पोर्तुगीज निघून गेले, किल्ल्यांतील देवळें ओस पडलीं. तरी गांवोगांवची श्रद्धा मालवली नाहीं. ज्या आयाबायांनीं ती लेंकरांच्या ओठीं घातली, त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत? त्यांच्याच पुण्याईवर आपण हा महोत्सव करीत आहों.

मात्र दुर्लक्षितांचा धीर हें दुर्लक्ष करणाऱ्यांचें निमित्त होऊं नये. ती बाई तक्रार करीत नाहीं, म्हणून माझा दोष धुतला जात नाहीं. म्हणून माझी एवढीच विनंती आहे: ह्या वर्षीं प्रत्येक आळीनें आपल्यांतील विसरलेल्या माणसाच्या घरीं जावें, अंथरुणास खिळलेल्या बापाची सेवा करणाऱ्या मुलाकडे, एकटीच तेर्स म्हणणाऱ्या विधवेकडे, गुरुविद्यालयांतून परत आलेल्या आणि लोकांस तोंड चुकविणाऱ्या तरुणाकडे. त्यांना उपदेश करूं नका, त्यांच्याजवळ बसा.

आणि जे आज स्वतःच विसरलेले आहेत, त्यांना मी सांगतों: प्रभू येशूनें आपल्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें नाझरेथांत सुताराच्या घरीं काढिलीं. त्या वर्षांचा वृत्तांत शुभवर्तमानांत फार थोडा आहे. तरी पिता त्याच्यावर प्रसन्न होता. आपली सेवा त्याच पित्याच्या दृष्टीपुढें आहे. संत गोन्सालो आपणांसाठीं विनंती करोत, आणि परमेश्वर ह्या धर्मग्रामास आशीर्वाद देवो. आमेन.