तीन लाख कार्डांचा माणूस



लहानपणी काहीच जमवलं नाही असा माणूस विरळा. कुणी काडेपेट्यांवरची चित्रं जमवली, कुणी पोस्टाची तिकिटं. ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं, त्यांनी बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं जमवली. मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चाले, हव्या त्या खेळाडूसाठी रुसवेफुगवेही होत. पुढे दहावीचं वर्ष आलं की बहुतेकांचा तो डबा माळ्यावर जाई आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत निघे.

आज मी तुम्हाला अशा एका माणसाबद्दल सांगणार आहे, ज्याने आपला डबा कधीच माळ्यावर टाकला नाही. त्याचं नाव जेफरसन बर्डिक. जन्म १९००चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला.

बर्डिकच्या लहानपणी ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात मिळत. त्या काळी पाकिटं मऊ कागदाची असायची. आतल्या सिगारेटी वाकू नयेत म्हणून एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कोरा तुकडा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापलं तर माल जास्त खपेल, हे कंपन्यांनी हेरलं. मग त्यावर नट्या आल्या, पक्षी आले, झेंडे आले आणि बेसबॉलचे खेळाडूही आले. पोरं तंबाखूच्या दुकानाबाहेर उभी राहून गिऱ्हाइकांकडे ती कार्डं मागत.

बर्डिकला हा नाद लागला आणि मोठेपणीही सुटला नाही. तो सिरॅक्यूज शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडायचं काम करी. लग्न केलं नाही. पगार बेताचा. ऐन उमेदीत संधिवाताने गाठलं आणि हळूहळू हाताची बोटं वाकडी होत गेली. पण जमवणं चालूच राहिलं.

श्रोतेहो, त्याच्या छंदाचं मोठेपण दिसलं ते इथे. मुलाला कार्ड हवं असतं ते आपल्याजवळ असावं म्हणून. बर्डिकला प्रश्न पडू लागले : हे कार्ड कुणी छापलं? केव्हा छापलं? या संचात एकूण किती कार्डं आहेत? त्या काळी याची नोंद कुठेच नव्हती. संग्राहक एकमेकांना पत्रं लिहीत, पण कोणतं कार्ड कोणत्या संचातलं हे सांगायला सगळ्यांची मिळून अशी भाषा नव्हती. ती बर्डिकने घडवली. १९३९ साली त्याने पहिली सूची छापली. पुढे तीच ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ म्हणून ओळखली गेली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना त्याने ‘एन’ हे अक्षर दिलं, विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, आणि पुढे संचाचा क्रमांक. आज जगभरचे संग्राहक ‘टी २०६’ म्हणतात, तो क्रमांक बर्डिकचाच.

या ‘टी २०६’ संचात होनस वॅगनर या पिट्सबर्गच्या खेळाडूचं कार्ड आहे. कंपनीने आपलं चित्र वापरावं हे त्याला मान्य नव्हतं, म्हणून छपाई लवकरच थांबली आणि कार्ड दुर्मीळ झालं. बर्डिकने आपल्या सूचीत त्याची किंमत ५० डॉलर लिहिली होती. २०२२ साली त्यातलं एक कार्ड साडेबाहत्तर लाख डॉलरला विकलं गेलं. बर्डिकजवळही हे कार्ड होतं. त्याने ते विकलं नाही, आपल्या संग्रहासोबत देऊन टाकलं.

या देणगीसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमशी त्याने १९४७च्या सुमारास बोलणी केली. छापील चित्रांच्या विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी या कार्डांचं मोल ओळखलं. तीन लाखांहून अधिक वस्तू, त्यांत तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डं. पण ती लावायची कुणी? ते काम बर्डिकने स्वतःच अंगावर घेतलं. पुढे तो न्यूयॉर्कला राहायलाच आला. विभागातल्या एका टेबलाशी बसून, वाकड्या झालेल्या बोटांनी एकेक कार्ड उचलायचं, त्याची जागा ठरवायची, वहीत चिकटवायचं. १० जानेवारी १९६३ रोजी शेवटचं कार्ड चिकटवून झालं. आता आपण परत येणार नाही, असं सांगून तो निघाला. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दाखल झाला आणि दोन महिन्यांनी वारला.

आजचा बाजार या चिकटवण्याला नावं ठेवील. आता कार्ड प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवतात, त्याच्या अवस्थेला एक ते दहा गुण देतात, आणि मागच्या बाजूला डिंक लागलेला दिसला की भाव कोसळतो. पण बर्डिकने ही कार्डं भावासाठी चिकटवलीच नव्हती. शंभर वर्षांपूर्वी सामान्य माणसाच्या खिशात कोणती चित्रं असत, हे पुढच्या कुणालाही क्रमाने पाहता यावं, एवढ्यासाठी त्याने ती चिकटवली. एका कारखान्यातल्या कामगाराने केवढं मोठं काम करून ठेवलं!

म्हणून माझं तुम्हाला मनापासून सांगणं आहे. तुमच्या घरात असा एखादा जुना डबा उरला असेल, तर तो विकायची घाई करू नका आणि टाकूनही देऊ नका. एक वही घ्या. कार्ड कोणतं, कशासोबत मिळालं, कोणत्या गावात, साधारण कोणत्या साली, कुणाकडून बदलून घेतलं, एवढं आठवेल तसं लिहून काढा. आपल्याकडच्या बबलगमच्या कार्डांचा इतिहास अजून नीट लिहिला जायचा आहे आणि तो ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांनी आता लिहिलं नाही, तर पुढे ते कुणालाच लिहिता येणार नाही.