तेरा संघांचा ऑक्टाव्हिओ

आज आपण बेसबॉल खेळणाऱ्या एका माणसाबद्दल बोलणार आहोत. खेळ अमेरिकेतला आहे, पण जिने क्रिकेट पाहिलंय तिला समजायला अवघड नाही. आपल्या गोलंदाजासारखा तिथे पिचर असतो. तो टप्पा न पाडता चेंडू सरळ फेकतो. सुरुवातीचा पिचर दमला, दुखावला किंवा मार खाऊ लागला, की बाजूला बसवलेल्या दुसऱ्या पिचरला हाक येते. त्याला रिलीव्हर म्हणतात. सामना त्याच्या हातात येतो तो बऱ्याचदा अडचणीत आलेलाच. सावरला तर नाव दुसऱ्याचं, बिघडला तर बोट याच्याकडे. हे वाचताना आमच्यातल्या दोघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. का ते तुम्हाला सांगायला नको.

ऑक्टाव्हिओ डोटेल असाच रिलीव्हर. जन्म १९७३ चा, डोमिनिकन रिपब्लिक देशातल्या सांतो दोमिंगो शहरातला. १९९९ मध्ये तो न्यूयॉर्क मेट्स संघातून मोठ्या लीगमध्ये आला, २०१३ पर्यंत टिकला. ७५८ सामने आणि १३ संघ! त्यातल्या सात संघांशी त्याने स्वतः करार केला. उरलेल्या सहा वेळा एका संघाने त्याला दुसऱ्याला देऊन बदल्यात दुसरे खेळाडू घेतले. अशा व्यवहारात बहुतेक खेळाडूंना कोणी विचारत नाही. निरोप आला की बॅग भरायची आणि नव्या गावाला जायचं. २०१० या एकाच वर्षात तो पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस आणि कोलोरॅडो असा तीन संघांकडून खेळला. पगार चांगला असतो, हे खरं. पण माणसाची अशी देवघेव आम्हाला काही पटत नाही.

त्याचा एक दिवस मात्र ऐकाच. ११ जून २००३, ह्यूस्टन विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज. ह्यूस्टनचा पहिला पिचर दुखापतीने लवकरच बाहेर गेला. मग एकामागून एक पाच रिलीव्हर आले, आणि यांकीजला पूर्ण सामन्यात एकही हिट मिळाली नाही. डोटेलने आपल्या एका डावात चौघांना चकवलं. डावात बाद तर तिघेच होतात, मग चौघे कसे? तिसरा चेंडू हुकल्यावर मागच्या कॅचरच्या हातून तो निसटला, तर फलंदाज पळून पहिला तळ गाठू शकतो. म्हणून आणखी एकाला बाद करावं लागलं.

२००५ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. फाटलेल्या स्नायुबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा धागा बसवतात. १९७४ मध्ये ती पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरवर झाली, आणि आजही ती डॉक्टरच्या नव्हे, त्या रुग्णाच्या नावाने ओळखली जाते. बरं व्हायला वर्षभर तरी लागतंच. त्यानंतर डोटेलच्या वाट्याला आले एक-दोन वर्षांचे करार आणि नवनवे संघ.

२०११ च्या जुलैमध्ये त्याला पुन्हा असंच सेंट लुईसला पाठवलं. तीनच महिन्यांत त्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. डोटेल तेव्हा ३७ वर्षांचा होता, आणि हे त्याचं पहिलंच अजिंक्यपद. पुढच्या वर्षी डेट्रॉईट हा त्याचा तेरावा संघ झाला. तोवर इतक्या संघांकडून कोणीच खेळलं नव्हतं.

८ एप्रिल २०२५ ला सांतो दोमिंगोत एका नाइट क्लबचं छत कोसळून दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यात डोटेलही होता, वय ५१. इतकी गावं फिरून तो शेवटी आपल्या जन्मगावीच होता.