रिंगमधला बंद दुवा

नसरापूरहून वेल्ह्याला जाताना वाटेत मार्गासनी लागते. वेल्ह्याहून पुण्याला मात्र त्याच वाटेने परतले पाहिजे असे नाही. पाबे घाट ओलांडून खानापूरवरूनही येता येते. त्यामुळे पावसाळ्यात एका बाजूला दरड आली, तरी दुसरी बाजू उरते.

संगणकांची जाळी टाकणारे आम्ही लोक हेच करतो. गावोगावचे स्विच एकापुढे एक असे जोडले, तर मार्गासनीपाशी जेसीबीने केबल तोडताच पुढची सगळी गावे बंद. सातबारा निघत नाही, बँकेचे काम अडते. म्हणून शेवटचा स्विच पहिल्याला जोडून रिंग पुरी करायची. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेतही ग्रामपंचायती रिंगनेच जोडायचे ठरले. तिथे राउटर असतात, त्यांचे नियम निराळे. मी साध्या इथरनेट स्विचबद्दल बोलतो आहे.

इथरनेटची गोम अशी, की सर्वांसाठी सोडलेला निरोप कधी थांबायचे हे जाणत नाही. रिंगमध्ये तो फिरतच राहतो, असे निरोप साचतात आणि काही क्षणांत जाळे गुदमरते. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे अशाच गुंत्यात काही दिवस कोलमडले होते. डॉक्टरांना पुन्हा कागद-पेन हाती घ्यावे लागले.

म्हणून रिंगमधला एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात आणि दुसरीकडे तुटले, की तो उघडतात. कोणी उघडायचा आणि किती वेळात, एवढाच काय तो वाद. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेली 'स्पॅनिंग ट्री' पद्धत याला ३० ते ५० सेकंद घेते. २००१ ची 'रॅपिड' आवृत्ती पुष्कळ चपळ आहे, पण रिंग वाढली की तीही रेंगाळते. खास रिंगसाठी २००८ मध्ये 'ईआरपीएस' हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात बंद दुव्याचा मालक स्विच आधीच ठरलेला असतो. सोळापेक्षा कमी स्विचच्या रिंगमध्ये ५० मिलिसेकंदांत वाट बदलावी, ही त्याची अपेक्षा.

एका इमारतीत चार स्विच असतील, तर रॅपिड पुरे. गावोगावच्या रिंगला मी ईआरपीएसच सुचवीन. काही कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धतीही वेगवान आहेत. पण विजेने स्विच जळाला, तर त्याच कंपनीचा माल येईपर्यंत रिंग अर्धवट राहते. कार्यालयाकडच्या तोंडांवर मात्र स्पॅनिंग ट्री चालू राहू द्या. मोकळी दिसलेली वायर कुठेतरी खुपसून देणारा माणूस प्रत्येक कचेरीत असतो!

आणि काम ताब्यात घेण्याआधी एक केबल स्वतः उपसून पाहा. मी एकदा ते केले नाही. चार महिन्यांनी केबल तुटली आणि निम्मी रिंग बंद पडली. शोधल्यावर कळले, की दुसऱ्या बाजूची केबल आधीच तुटलेली होती. काम सुरळीत चालले होते, म्हणून कोणी पाहिलेच नव्हते.